तिसऱ्या रांगेतले पंडित

बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धेला नेमाने जाणाऱ्या प्रत्येक माणसाला घरच्यांनी कधी ना कधी विचारलेलं असतं, की तिथे बघायचं असतं तरी काय? दोन माणसं पाच पाच तास एका टेबलाशी डोकं धरून बसतात आणि दोन-अडीचशे माणसं त्यांच्याकडे बघत बसतात. ना कुणी पळत, ना कुणी पडत. ह्या प्रश्नावर तिसऱ्या रांगेतल्या मंडळींकडे बरीच भारदस्त उत्तरं होती. पण खरं उत्तर त्या रांगेतल्या एकाच माणसाकडे होतं, आणि ते त्याने अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तो टेबलाकडे बघतच नव्हता. तो बघणाऱ्यांकडे बघत होता.

त्यांना सगळे पंडित म्हणत. पुस्तकांशी त्यांचा संबंध फारसा नव्हता. पंडितांचा धंदा वेताच्या खुर्च्या विणण्याचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि मधल्या दारात पाण्याची बादली, तिच्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. वेत कोरडा विणला तर मोडतो आणि फार भिजवला तर सुकल्यावर सैल पडतो; किती भिजवायचा हे बोटांना कळावं लागतं. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग त्यांच्यातून दोन्हीकडून तिरक्या. ओढलेली पट्टी सुटू नये म्हणून भोकात एक लाकडी पाचर ठोकायची, पुढची पट्टी ओढली की तीच काढून पुढच्या भोकात. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे जादाची पाचर कानावर. तीस वर्षं पाचर ठेवून ठेवून पंडितांचा उजवा कान जरा पुढे झुकला होता, आणि काही अडलं की हात आपोआप त्या कानाकडे जायचा. बायको म्हणायची, ह्यांना आमटीत मीठ कमी लागलं तरी हे कान चाचपतात.

अकरा वर्षांपूर्वी शहरातल्या मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकाने त्यांना बोलावलं. दोनशे चाळीस खुर्च्या, सगळ्यांच्या बैठका गेलेल्या, आणि बुद्धिबळाची स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली. पंडितांनी दिवसाचे चौदा चौदा तास गुडघ्यांवर बसून पुढच्या रांगा पुऱ्या केल्या, तोवर स्पर्धा सुरू झाली. उरलेल्या खुर्च्या सकाळी विणायच्या असं ठरलं. दुपारी खेळ सुरू असताना हातोडीच काय, शिंकसुद्धा चालायची नाही. मग पंडित दुपारभर तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात पाळीवर जायची, म्हणून सात वर्षांची लेकही बरोबर असायची. ती भिंतीवरच्या मोठ्या पटाखाली मान वर करून उभी राहायची. त्या पटावर एक माणूस लांब काठीने सोंगट्या हलवायचा, म्हणजे मागच्यांनाही खेळ दिसावा.

पंडितांना त्या पटावरचं ओ की ठो कळत नव्हतं. पण कान रिकामे होते, आणि खाली सगळ्या त्यांच्याच हातच्या खुर्च्या. ताठ विणलेला वेत बोलतो. माणूस पुढे झुकला की एक आवाज, मागे टेकला की दुसरा, एका बाजूला कलला की तिसरा. तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलं, की सभागृहात दिसते तेवढी शांतता नाही.

बुद्धिबळाचे प्रेक्षक ही जमातच निराळी. आधी पुढच्या दोन रांगा. तिथे खेळाडूंचे घरचे बसतात. ते पट बघत नाहीत, आपल्या माणसाची मान बघतात. मान खाली गेली की ह्यांची खुर्ची मागे वाजते. तिसऱ्या-चौथ्या रांगेत जाणकार. एखादी चाल आवडली तर हे अजिबात हलत नाहीत, चुकीची वाटली की तिघं एकदम सरसावतात. मधल्या रांगांत, आपण पूर्वी कसे खेळायचो हे मनात आठवत बसलेले लोक. सगळ्यात मागे गारव्याला आलेले आणि डुलक्या काढणारे. पण गंमत म्हणजे मोठी चूक झाली की त्यांनासुद्धा जाग येते, कारण पुढून करकर एकदम उठते. पंडितांना हे सगळं पाठ झालं. कुठला आवाज कुठल्या रांगेतून आला, कुणाच्या घरच्यांचा आला आणि जाणकारांचा त्याआधी आला की नंतर, एवढ्यावरून कोण हरतंय ते त्यांना दहा मिनिटं आधी कळायला लागलं.

चौथ्या दिवशी त्यांच्या शेजारी बसलेले दोघे आपापसांत कुजबुजत वाद घालत होते. एक नुकतेच निवृत्त झालेले पोस्टमास्तर, दुसरे दातांचे डॉक्टर. डॉक्टरांचं म्हणणं काळ्याचं बरं आहे, पोस्टमास्तरांना ते पटत नव्हतं. तेवढ्यात काळी मोहरी घेऊन बसलेल्या खेळाडूच्या आईची खुर्ची दुसऱ्यांदा मागे वाजली. पंडित सहज बोलून गेले, "काळ्याचं काही खरं नाही." दहा मिनिटांत काळ्याने हात पुढे करून हार मानली.

दोघांनी वळून पंडितांकडे बघितलं. पोस्टमास्तर म्हणाले, "तुम्ही खेळता?"

आता ह्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं, हे मलाही कळतं आणि पंडितांनाही कळत होतं. पण एक लक्षात घ्या. गुडघ्यांवर बसून काम करणाऱ्या माणसाशी लोक वरून बोलतात. त्याला दिसतात ते लोकांचे बूट आणि विजारींचे पाय. तीस-पस्तीस वर्षांच्या आयुष्यात दोन शिकलेल्या माणसांनी शेजारी बसून, डोळ्याला डोळा भिडवून पंडितांचं मत ऐकलं होतं, ते पहिल्यांदाच. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे समोरच्यांनी आपापल्या मनाने ठरवलं.

त्या दिवसापासून ते पंडित, आणि खुर्च्यांचं काम संपलं तरी दर वर्षी स्पर्धेला हजर. पुढच्या वर्षी त्यांच्यात क्रोशाच्या बाई आल्या. ह्या बाई पाच तासांच्या एका डावात टेबलक्लॉथचा कोपरा पुरा करायच्या, आणि पटावर काही थरारक झालं की त्यांची सुई थांबायची. पंडितांसाठी ती सुई म्हणजे घड्याळाचा टोलाच होता. चौघांच्या चार खुर्च्या ठरून गेल्या. वादाला तोंड फुटलं की शेवटी सगळे विचारायचे, पंडित, तुमचं काय मत? पंडित डोळे अर्धवट मिटायचे. चिंतनासाठी नव्हे, नीट ऐकू यावं म्हणून. मग म्हणायचे, "पांढरा अडकला." पोस्टमास्तर आपल्या वहीत लिहून घ्यायचे. रोज प्रत्येक डावात आपल्या चौघांचा अंदाज काय होता आणि झालं काय, ह्याची वही ते ठेवत. निवृत्त माणसाला काहीतरी टिपून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

आपलं अज्ञान भरून काढायचा प्रयत्न पंडितांनी केलाच नाही असं नाही. एकदा लेकीचं पुस्तक घेऊन ते दुकानात बसले. उंट लगेच समजला; तिरका जातो, विणीतल्या तिरक्या पट्टीसारखा. पण घोड्यापाशी गाडी जी अडली ती अडलीच. आणि विचारणार कुणाला? घोडा कसा चालतो हे पंडितांनी विचारायचं म्हणजे पोहण्याच्या मास्तरांनी पाण्यात पाय टाकायला घाबरण्यासारखं.

लेकीला मात्र पोस्टमास्तरांनी शिकवलं. मध्यंतरात, जिन्यावर बसून, खिशातल्या छोट्या पटावर. आठव्या वर्षी ती त्यांना हरवायला लागली, दहाव्या वर्षी डॉक्टरांना घाम फोडायला लागली. घरी ती पट मांडून बसायची आणि समोर पंडित, मांडीवर अर्धी विणलेली बैठक. "बाबा, इथे हत्ती आणू का?" ती विचारायची. पंडित गंभीरपणे पटाकडे बघून म्हणायचे, "तुला काय वाटतं?" दर वेळी हेच. मग ती स्वतःच बोलत बोलत उत्तर शोधायची. हे ऐकून पोस्टमास्तर भारावून गेले होते. म्हणाले, "ह्याला म्हणतात शिकवणं. आपण उत्तर सांगून टाकतो, हे सांगत नाहीत." पंडितांनी तेव्हाही मान हलवली.

अशी अकरा वर्षं गेली. लेक अठरा वर्षांची झाली आणि ज्या टेबलावरचा खेळ ती मान वर करून बघायची त्याच टेबलाशी, त्याच व्यासपीठावर, देशातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत खेळायला बसली. आणि पोरीने काय खेळ केला म्हणता! दहा फेऱ्यांत एकही हार नाही. शेवटची फेरी उरली तेव्हा ती अर्ध्या गुणाने सगळ्यांच्या पुढे होती. तिसऱ्या रांगेत पंडित असे बसायचे की शर्टाच्या गुंड्या तुटतील. कुणी विचारलं नाही तरी शेजारच्याला सांगायचे, "ती माझी."

दहावी फेरी संपली त्या संध्याकाळी त्यांच्या हातात एक कागद आला. शेवटच्या फेरीत लेकीसमोर बसणाऱ्या खेळाडूच्या प्रशिक्षकाने लेखी तक्रार केली होती. मुलगी अवघड क्षणी मान वर करून तिसऱ्या रांगेकडे बघते. तिथे तिचे वडील बसतात, जे प्रेक्षकांत बुद्धिबळाचे पंडित म्हणून ओळखले जातात. नेमक्या त्या वेळी ते उजव्या कानाला हात लावतात. त्यानंतर ती अचूक चाल खेळते. असं सात वेळा झालं, त्याची चित्रफीत सोबत. सकाळी दहाला सुनावणी. खूण केल्याचं ठरलं तर मुलीचं नाव स्पर्धेतून बाद.

बायकोने कागद वाचला आणि ती चक्क हसली. "तुम्ही खुणा करणार? तुम्हाला घोडा आणि हत्ती वेगळा ओळखता येतो का?"

"हळू बोल. ती आत आहे."

"सांगून टाका ना तिथे. एका वाक्याचं काम."

"तिथे सगळे असणार. पोस्टमास्तर, डॉक्टर." पंडितांचा हात कानाकडे गेला. "आणि ती. तिला काय वाटेल? अकरा वर्षं बाप नुसता मान हलवत होता?"

बायको कागदाची घडी घालत म्हणाली, "उद्या नाव तुमचं वाचवायचं का तिचं, ते एकदा ठरवा."

सुनावणी व्यासपीठामागच्या कचेरीत होती. एक लांब टेबल, भिंतीवर घड्याळ आणि नऊ खुर्च्या. पंडित सवयीने आधी खुर्च्यांकडे बघतात. सगळ्या त्यांच्याच होत्या. टेबलाच्या टोकाला मुख्य पंच बसल्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या, पूर्वी गणित शिकवणाऱ्या बाई. एका बाजूला प्रशिक्षक, दुसऱ्या बाजूला लेक. आणि पंडितांच्या बाजूने साक्ष द्यायला तिसरी रांग जातीने हजर. क्रोशाच्या बाईंनी पिशवीसुद्धा आणली होती.

डॉक्टर आधी बोलले. "मॅडम, ह्यांच्याएवढी समज ह्या सभागृहात कुणाला नाही. आम्ही अकरा वर्षं बघतोय. इतक्या उंचीचा माणूस असल्या थरावर उतरणार नाही."

पंडितांनी डोळे मिटून घेतले. मित्र त्यांना वर चढवत होता आणि वरून लेकीला खाली ढकलत होता.

"म्हणजे ह्यांना खेळ उत्तम समजतो," प्रशिक्षक शांतपणे म्हणाला. "माझं म्हणणं तेवढंच आहे."

पंचांनी लेकीकडे वळून विचारलं, "तू वर का बघतेस?"

"सवय आहे."

"वडिलांकडेच बघतेस?"

"हो."

"तुझ्या वडिलांना बुद्धिबळ किती येतं?"

लेकीने पंडितांकडे पाहिलं. मग पोस्टमास्तरांकडे, डॉक्टरांकडे, बाईंकडे. मग खाली टेबलाकडे. "ह्याचं उत्तर मला द्यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही दिलंस तर ते तुझ्या विरुद्ध जाईल. कळतंय ना?"

"कळतंय."

तिच्या खुर्चीतून आवाज आला नाही. घाबरलेला माणूस चुळबुळतो, खोटं बोलणारा मागे टेकतो, हे पंडितांना अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. ही अशी बसली होती, जशी चाल पक्की ठरवून झाल्यावर बसते. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. हिला माहीत आहे. कधीपासून कोण जाणे, पण माहीत आहे. 'त्यांना काही येत नाही' एवढं एक वाक्य म्हणाली असती तर सुटली असती. अकरा वर्षांची मेहनत, देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा, सगळं पणाला लावून पोरगी बापाची लाज राखत बसली होती, बापाच्या मित्रांसमोर. पंडित उठून उभे राहिले.

"मॅडम, मला बुद्धिबळ येत नाही."

डॉक्टरांना वाटलं, ही विनयाची भाषा आहे. "पंडित, ही वेळ नम्रपणाची नव्हे," ते म्हणाले.

"नम्रपणा नाही हो. खरंच येत नाही. उंट तेवढा समजतो. घोडा अजून समजलेला नाही. मी खुर्च्या ऐकतो." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. काळ्याच्या आईची खुर्ची, डुलक्या काढणारे, क्रोशाची सुई, कानावरची पाचर. सांगताना त्यांनी मित्रांकडे बघितलं नाही.

पंचांनी कपाटातून पट काढून पुढे ठेवला. "मांडा बघू."

पंडितांनी मांडला. राजा आणि वजीर उलटे बसले, आणि एका बाजूला उंटांच्या जागी घोडे गेले. प्रशिक्षक हसला. "हे तर मीसुद्धा करून दाखवीन. येत असलेलं येत नाही असं दाखवायला काय लागतं?"

हे मात्र खरं होतं. येतं हे सिद्ध करता येतं, येत नाही हे कसं सिद्ध करणार? पंडित हातातलं प्यादं धरून उभे राहिले. अकरा वर्षं जे लपवलं ते आता उघड करूनही कुणाला पटेना.

"मी सिद्ध करतो," पोस्टमास्तर म्हणाले.

इतका वेळ ते वही चाळत होते. त्यांचा चेहरा जरा पडला होता, आणि पडणारच. त्यांनी वही पंचांपुढे सरकवली. "ही अकरा वर्षांची वही. चारशे बारा डाव आहेत. मी आत्ता एवढंच शोधत होतो, की आम्ही सगळे चुकलो आणि पंडित एकटे बरोबर आले, असं कधी झालं का. एकदाही नाही. आम्ही बरोबर तेव्हा ते बरोबर. सगळं सभागृह चुकलं तेव्हा तेही चुकलेले. ज्याला खेळ समजतो तो कधीतरी आमच्याहून शहाणा ठरेल ना? निदान आमच्याहून वेगळा तरी मूर्ख ठरेल." त्यांनी एक पान उलटलं. "आणि ही सातवी फेरी. तक्रारीतला सगळ्यात मोठा पुरावा. एकतिसाव्या चालीला आम्ही सगळे म्हणत होतो, पोरीने हत्ती मारावा. सगळं सभागृह पुढे सरसावलं. पंडितांचा हात कानाला गेला, चित्रफितीत दिसतोय. पंडित म्हणाले, हत्ती मारणार. मी लिहिलंय इथे. पोरीने मारला नाही. मारला असता तर हरली असती. आम्हाला ते घरी जाऊन कळलं."

पंचांनी चष्मा लावून ते पान वाचलं. मग चित्रफितीतली वेळ पाहिली. मग वही प्रशिक्षकाकडे सरकवली. त्याने बराच वेळ वाचलं. शेवटी तो मागे टेकला, आणि खुर्ची वाजली. निकाल काय लागणार ते पंडितांना तेव्हाच कळलं.

"खूण करायला आधी सांगण्यासारखं काहीतरी माहीत असावं लागतं," पंच म्हणाल्या. "ह्यांच्या कानावर फक्त पाचर असते, आणि तीसुद्धा आज नाही. तक्रार फेटाळली. तरी एक विनंती आहे, आज मुलीला दिसणार नाही असं बसा. शेवटच्या रांगेत, खांबामागे."

"बसतो मॅडम," पंडित म्हणाले.

बाहेर बोळात पंडित भिंतीला टेकून उभे राहिले. लेक जवळ आली. तिला बरंच काही बोलायचं होतं असं त्यांना वाटलं, पण तिला हसू आवरेना.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"मी आठ वर्षांची असताना माझा घोडा खाली पडला होता. तुम्ही उचलून परत ठेवलात. पांढऱ्या घरातला काळ्या घरात ठेवलात आणि म्हणालात, खेळ आता."

"मग बोलली नाहीस ती?"

"कशाला बोलू? मी वर बघायचे ना, तेव्हा घाबरलेली असायचे. आणि तुम्ही तिथे बसलेले. काही म्हणजे काही कळत नसताना अशी जबरदस्त मान हलवायचात, की मला आतल्या आत हसू यायचं. हसू आलं की भीती जायची. भीती गेली की चाल दिसायची." तिने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. "मदत करतच होतात की. तक्रार अगदीच खोटी नव्हती."

पंडित म्हणाले, "आज मी खांबामागे आहे. आज काय करशील?"

"आता आठवलं तरी पुरे आहे. राजाच्या जागी वजीर काय, घोड्याच्या घरात उंट काय."

पोस्टमास्तर बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. पंडित त्यांच्याकडे गेले. माफी कशी मागायची ह्याची जुळवाजुळव चालू होती, तेवढ्यात पोस्टमास्तरच म्हणाले, "अकरा वर्षं मी माझं मत बरोबर आहे का ते तुम्हाला विचारत होतो, आणि तुम्ही माझंच मत मला परत देत होतात."

"हो."

"बरं वाटायचं हो फार." त्यांनी वही काखेत मारली. "लिहून ठेवायचो मी. पंडितांनाही असंच वाटतं म्हणून." मग ते आत निघून गेले. पंडितांना वाटलं, संपलं. चार खुर्च्यांचा संसार इथेच मोडला.

दुपारी सभागृह असं भरलं की दारातसुद्धा माणसं. पंडित एकटेच जाऊन शेवटच्या रांगेत खांबामागे बसले. तिथून ना व्यासपीठ दिसत होतं ना पट. पाच मिनिटांनी शेजारची खुर्ची वाजली. पोस्टमास्तर. त्यांच्या पलीकडे डॉक्टर. डॉक्टरांच्या पलीकडे क्रोशाच्या बाई, पिशवी मांडीवर घेऊन. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिसऱ्या रांगेतल्या चार खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि त्यांवर बसायची कुणाची टाप नव्हती, कारण चारही खुर्च्यांवर डॉक्टरांनी आपले रुमाल टाकले होते. त्यांच्याकडे एवढे रुमाल असतात हे कुणाला माहीत नव्हतं.

"इथून काही दिसत नाही," पंडित कुजबुजले.

"तुम्हाला कधी दिसत होतं?" पोस्टमास्तर म्हणाले. "काय म्हणतात खुर्च्या?"

पंडितांनी डोळे मिटले. आज त्यांना कान चाचपायची गरज वाटली नाही. पहिले दोन तास सगळीकडे बारीक चुळबुळ, म्हणजे बरोबरी. मग तिसऱ्या तासाला जाणकारांच्या रांगा एकदम सरसावल्या. "तिची चूक झाली वाटतं," पंडित म्हणाले. पोस्टमास्तरांनी वही उघडली, थोडा वेळ पेन्सिल हातात धरली आणि वही मिटून टाकली. "सभागृहाला तसं वाटतंय," ते म्हणाले. "सभागृह सातव्या फेरीलाही असंच म्हणत होतं."

पंधरा मिनिटं गेली. मग दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची, प्रशिक्षकाची, अगदी गप्प झाली. जिंकणाऱ्याला बसवत नाही, तो मध्ये मध्ये हलतो. ज्याला हार दिसली तो दगड होतो. पंडितांनी ती खुर्ची स्वतः विणली होती आणि ती ते हजारांत ओळखू शकत होते. मग जाणकार एकामागून एक मागे टेकले. क्रोशाच्या बाईंची सुई थांबली, दिसत काही नव्हतं तरी. आणि मग जे झालं ते पंडितांनी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. भरलेल्या सगळ्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. सगळं सभागृह उभं राहिलं होतं. वेताचा तो आवाज टाळ्यांच्या आधी आला, अर्धा क्षण आधी, आणि तो अर्धा क्षण संपूर्ण सभागृहात फक्त एका माणसाचा होता. पंडितांनी मनसोक्त रडून घेतलं. अभिमानाने माणूस रडतो हे त्यांनी ऐकलं होतं, आता बघून झालं.

नंतर त्याच लांब टेबलाच्या कचेरीत वर्तमानपत्रांची माणसं आली. घरच्यांना भिंतीशी उभं केलं होतं. पंडितांच्या एका बाजूला बायको, धुलाईखात्यातून तशीच आलेली, दुसऱ्या बाजूला तिसरी रांग. एक तरुण बातमीदार बाई लेकीसमोर बसली होती. तिने विचारलं, "खेळ कुणी शिकवला?"

"पोस्टमास्तरकाकांनी. ते बघा तिथे उभे आहेत." पोस्टमास्तरांनी घाईघाईने कोटाची गुंडी लावली.

"आणि वडील? सगळे म्हणतात ते मोठे पंडित आहेत."

सकाळी ह्याच खोलीत हाच प्रश्न ह्याच मुलीला विचारला होता. पंडितांनी तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. ह्या वेळी ती मान होकाराचीच होती.

"माझ्या वडिलांना बुद्धिबळ येत नाही," लेक म्हणाली. मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, आणि तिचा चेहरा असा फुललेला, जसा बक्षीस घेतानाही नव्हता. "अजिबात येत नाही. ह्या सभागृहातली प्रत्येक खुर्ची त्यांनी विणली आहे. तुम्ही बसला आहात ती पण."

बातमीदार बाई नकळत उठून उभी राहिली आणि वळून खुर्चीकडे बघायला लागली. तिच्या मागे आणखी दोघे उठले.

पंडित पुढे झाले. त्यांनी खुर्चीच्या विणीवर तळवा दाबून बघितला, अकरा वर्षांनीही ती तशीच ताठ होती.

"बसा," ते म्हणाले. "चांगली विणलीय."